पोट दुखले की एरंडेल?

पोट दुखू लागले की ‘वात धरला’ म्हणायचे, एरंडेल घ्यायचे आणि तरीही राहिले नाही तर दुकानातून गोळी आणायची, ही आपल्या बेळगाव-निपाणी भागातली रीत मला मान्य नाही. दुखण्याबरोबर ताप असेल तर ती जिवावर बेतू शकते.

मोठ्या आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या जिथे शिरतात, त्या जागा नाजूक असतात. वय वाढते तशा तिथे वाटाण्याएवढ्या पिशव्या बाहेर येतात. जुन्या टायरातून ट्यूबचा फुगा यावा तशा. बहुतेकांना त्या जन्मभर कळतही नाहीत. पण एखादी सुजली की डाव्या ओटीपोटात सतत दुखते, ताप येतो. यालाच डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. आशियाई लोकांत पिशव्या उजव्या बाजूलाही होतात. मग ते अपेंडिक्सच वाटते. अशा वेळी जुलाब घेऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी तर आतडे फुटण्याचा धोका वाढतो.

सीटी स्कॅनने निदान होते. सौम्य दुखणे पातळ आहार व विश्रांतीने उतरते; प्रत्येकाला अँटिबायोटिक लागतेच असे नाही. पू झाला तर तो काढावा लागतो, आतडे फुटले तर शस्त्रक्रिया. पोट फळीसारखे घट्ट झाले तर सकाळची वाट पाहू नका, तडक बेळगावचे जिल्हा रुग्णालय गाठा. बरे झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी दुर्बिणीने आतडे तपासून घ्यावे, कारण कर्करोगही असाच लपून बसतो.

युगांडात वर्षानुवर्षे काम केलेले शल्यवैद्य डेनिस बर्किट यांनी नील पेंटर यांच्यासह १९७१ साली मांडले, की हा आजार चोथा नसलेल्या अन्नाचा आहे. पिशव्या होण्याचे कारण इतके सरळ नाही, असे पुढे दिसले; पण भरपूर चोथा खाणाऱ्यांना या दुखण्यासाठी दवाखाना कमी वेळा गाठावा लागतो, हे खरे. आणि आपण काय करतो? जोंधळा बाजारात घालतो आणि पोरांना मैद्याचा पाव देतो! विडीनेही हे दुखणे चिघळते. तंबाखूवर ज्यांची कर्जे फिटतात त्यांच्याशी माझे भांडण नाही. पिकवणाऱ्याने ओढलीच पाहिजे, असे मात्र नाही.

शेंगदाणे, मका वर्ज्य करा, असे पूर्वी सांगत. २००८ साली अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांच्या पाहणीत त्यांनी धोका वाढत नाही असे आढळले. तेव्हा दुखणे पूर्ण उतरल्यावर भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खुशाल खावी, पाणी मात्र भरपूर प्यावे.