‘हो’ म्हटल्यानंतरचं ‘नको’ पोलीस ठाण्यात कोण लिहून घेतं?

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये महिला सुरक्षेवर एक कार्यक्रम झाला. जवळच्या पोलीस ठाण्यातून एक अधिकारी आले होते. बोलले छान. ११२ नंबर सांगितला, रिक्षात बसल्यावर लोकेशन कसं शेअर करायचं ते दाखवलं, दोन-तीन विनोदही केले. प्रश्नांची वेळ आली तेव्हा कुणी हात वर करेना, म्हणून मॅडमनी चिठ्ठ्या मागवल्या. त्यातली एक अशी होती: ‘आधी हो म्हटलं होतं. मग नको म्हटलं. तो थांबला नाही. ही केस होते का?’

साहेबांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, घडी घालून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘हे बघा मुलींनो, मुळात अशी वेळच आपल्यावर येऊ द्यायची नाही. आईवडिलांनी तुम्हाला इथे शिकायला पाठवलंय.’ पुढची चिठ्ठी मोबाइल चोरीची होती.

प्रश्न कायद्याचा होता, उत्तर संस्कारांचं मिळालं. साहेब वाईट माणूस होते असं मला अजिबात वाटत नाही. पण ती चिठ्ठी लिहिणारी मुलगी त्याच हॉलमध्ये बसली होती, आणि उद्या ती तक्रार घेऊन गेली असती तर समोर कदाचित हेच साहेब असते. कायदा कागदावर कितीही बदलला तरी सामान्य माणसाला तो पहिल्यांदा भेटतो तो ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. आणि त्या टेबलावर पहिला प्रश्न ‘तुझी संमती होती का?’ हा येतो, की ‘तू तिथे कशाला गेली होतीस?’ हा, यावर सगळं ठरतं.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. देशातल्या संमतीच्या कायद्याची लढाई सुरूच झाली आपल्याकडच्या एका पोलीस ठाण्यातून. २६ मार्च १९७२, देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मथुरा या नावाने देशाला माहीत झालेली एक अनाथ आदिवासी मुलगी, वय १४ ते १६ च्या दरम्यान. ती ठाण्यात का गेली होती? तिचं एका मुलावर प्रेम होतं, लग्न करायचं होतं, आणि भावाने पळवून नेल्याची तक्रार दिली होती म्हणून. जबाब झाले, बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला थांबवून घेतलं. त्या रात्री ठाण्याच्या आवारातच आपल्यावर अत्याचार झाल्याचं तिने सांगितलं. आरोपी होते दोन पोलीस.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, असं निकालात म्हटलं गेलं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहून सोसणं म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी स्पष्ट केलं आणि दोघांना शिक्षा दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुटका केली. कारण काय? अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केलेला नाही, म्हणजे हे संमतीनेच झालं असणार. रात्री उशिरा, पोलीस ठाण्यात, गणवेशातल्या माणसांसमोर एका अल्पवयीन मजूर मुलीने ओरडून नेमकं कुणाला बोलवायचं होतं, हा प्रश्न निकालात नाही. तो विचारला उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी, सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात. त्यानंतर महिला संघटना रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यात असलेल्या स्त्रीने न्यायालयात ‘माझी संमती नव्हती’ म्हटलं आणि संबंध झाल्याचं सिद्ध झालं, तर संमती नव्हती असंच गृहीत धरायचं. पीडितेचं नाव छापायचं नाही.

दुसरा मोठा बदल दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१३ मध्ये आला. संमतीची व्याख्याच लिहिली गेली: शब्दांनी, हावभावांनी किंवा आणखी कुठल्याही प्रकारे व्यक्त झालेली, निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची तयारी, तीसुद्धा त्या विशिष्ट कृतीपुरती. पुढे एक वाक्य, जे मला प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावावंसं वाटतं: केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही. मथुराच्या निकालाला हे थेट उत्तर आहे, यायला ३० हून जास्त वर्षं लागली इतकंच. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ते तसंच आहे.

म्हणजे पुस्तक बदललं. डोकी? त्याच २०१२ च्या एप्रिलमध्ये, दिल्लीच्या घटनेच्या आठ महिने आधी, ‘तहलका’च्या पत्रकारांनी दिल्ली आणि आसपासच्या ठाण्यांतल्या अधिकाऱ्यांशी छुप्या कॅमेऱ्यासमोर गप्पा मारल्या होत्या. सूर असा होता: मुली स्वतःहून जातात, कपडे तसे घालतात, दारू पितात, खरी पीडित मुलगी लाजेने पोलिसांकडे येतच नाही, येते तिला पैसे हवे असतात. शेवटच्या दोन वाक्यांत अडकवणं कसं आहे बघा. तक्रार केली नाही तर केस नाही, आणि केली तर खोटी.

आता याच डोक्याची दुसरी बाजू, जी आपल्या वयाच्या मुलामुलींना जास्त ओळखीची असेल. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे टाकून सुमारे ४० जोडप्यांना ठाण्यात नेलं. मुंबईचीच असून हॉटेलात कशाला, हा त्यांचा गुन्हा. कलम लावलं सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं. बंद दाराआडची, पैसे भरून घेतलेली खोली सार्वजनिक ठिकाण कशी होते हे कुणी सांगितलं नाही. दंड घेतला, काहींच्या घरच्यांना बोलावलं. बोंब झाल्यावर पोलीस आयुक्तांनी चौकशी लावली.

मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटायच्या. एकीकडे नकाराची तक्रार घ्यायला नाखुशी, दुसरीकडे दोन सज्ञान माणसांच्या होकारावर छापा. पण मोजपट्टी एकच आहे. संमती होती की नव्हती हा प्रश्न दोन्हीकडे कुणाला पडतच नाही. प्रश्न पडतो तो मुलगी कशी आहे आणि तिच्या घरच्यांना माहीत आहे का, हा. देसाईगंजमध्येही तेच होतं. तिच्या होकाराची तक्रार झाली म्हणून ती ठाण्यात पोहोचली, आणि तिच्या नकाराला पुढे किंमत उरली नाही.

पोलिसांचीही बाजू आहे. ‘प्रेमप्रकरण फिसकटलं की केस टाकतात’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित घरीच. लग्नाच्या वचनावरून झालेले काही गुन्हे न्यायालयांनी रद्द केलेत, हेही खरं. शिवाय कॉमन कॉज आणि सीएसडीएसच्या २०१९ च्या पाहणीनुसार पोलिसांची ड्युटी सरासरी १४ तासांची असते. चौदाव्या तासाला समोर बसलेल्या रडणाऱ्या मुलीशी कसं बोलायचं याचं प्रशिक्षण किती मिळतं, कुणास ठाऊक. पण तक्रार खरी की खोटी हे ठरवायला तपास आहे, न्यायालय आहे. नोंदवायची की नाही, हा अधिकार टेबलावरच्या माणसाला दिलेलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात दखलपात्र गुन्ह्याची एफआयआर बंधनकारक केली. नव्या कायद्यात काही गुन्ह्यांसाठी १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आहे, बलात्कार त्यात बसत नाही. आणि बलात्काराची फिर्याद नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला स्वतःलाच सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते, कलम १९९. त्या दिवशी हॉलमध्ये हे कलम कुणी सांगितलं असतं तर टाळ्या तरी मनापासून वाजल्या असत्या.

कायदा मात्र आदर्श आहे असं समजू नका. सज्ञान पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला सूट अजूनही आहे. आणि ती चिठ्ठी एखाद्या मुलाने लिहिली असती तर? कलम ६३ मध्ये पीडित फक्त स्त्री आहे, आणि जुनं कलम ३७७ नव्या संहितेत आलंच नाही. सज्ञान पुरुषावर झालेल्या बलात्काराला आज आपल्याकडे त्या नावाचं कलमच नाही.

आणखी एक गोष्ट, ओळखीची. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे आहेत, आणि ९५ टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा आहे. म्हणजे ‘आधी ओळख होती का?’ या प्रश्नाचं उत्तर जवळपास नेहमीच ‘हो’ असणार. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसापासून वाचवणारं व्याख्यान आपण दरवर्षी ऐकतो. मित्र, बॉयफ्रेंड, भाऊजी, सर यांच्याबद्दलचं कुणी देत नाही.

मे २०२५ मध्ये नागपूर खंडपीठानेच पुन्हा एका सामूहिक बलात्काराच्या खटल्यात सांगितलं की नाही म्हणजे नाही, आणि आधीच्या संबंधांवरून आजची संमती गृहीत धरता येत नाही. देसाईगंजचं प्रकरण ज्या खंडपीठासमोर आलं होतं, तेच हे खंडपीठ.

तेव्हा त्या चिठ्ठीचं उत्तर, उशिरा का होईना. हो, केस होते. आधीचा होकार तेवढ्यापुरता असतो. घटना पुण्यात घडली आणि तू लातूरला घरी गेली असलीस, तरी तिथल्या ठाण्यात झिरो एफआयआर घ्यावीच लागते. जबाब महिला अधिकारीच घेणार, आणि तुझ्या पूर्वीच्या संबंधांचा संमतीच्या मुद्द्याशी कायद्याने काही संबंध नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घे. नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, तिथेही नाही झालं तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. या गुन्ह्याला मुदत नाही.