झारनें दिलेली ज्यूरी

रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची गणना सुधारक राजांत होते, व ती सर्वस्वीं अयोग्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. १८६१ सालीं त्यानें दोन कोटींहून अधिक भूदासांस जमीनदारांच्या दास्यांतून मुक्त केलें. मात्र मिळालेल्या जमिनीचें मोल ४९ वर्षांच्या हप्त्यांनीं त्यांच्याच गळ्यांत बांधलें. पण आज आम्हांस विचार करावयाचा आहे तो १८६४ च्या न्यायसुधारणेचा. बंद दाराआड कागदोपत्रीं चालणाऱ्या व लांचलुचपतीनें पोखरलेल्या कचेऱ्यांच्या जागीं उघडीं न्यायालयें, सरकारच्या लहरीनें काढतां न येणारे न्यायाधीश, स्वतंत्र वकीलवर्ग आणि ज्यूरी, इतक्या गोष्टी रशियास एकदम मिळाल्या. ज्यांनीं कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्यांस याची किंमत सांगावयास नको.

या देणगीची खरी परीक्षा १८७८ सालीं झाली. सेंट पीटर्सबर्गचा गव्हर्नर ट्रेपोव्ह यानें आदल्या वर्षीं बोगोल्युबोव्ह नांवाच्या राजकीय कैद्यास, आपणांस पाहून टोपी काढली नाहीं एवढ्याच कारणावरून, छड्यांचा मार देवविला होता. वरिष्ठांच्या संमतीवांचून अधिकाऱ्यावर फौजदारी चालत नसे. तेव्हां दाद कोण देणार? व्हेरा झासुलिच या तरुणीनें भेटीच्या निमित्तानें जाऊन ट्रेपोव्हवर पिस्तूल झाडलें. तो जखमी झाला, पण वांचला. तिनें कृत्य नाकारलें नाहीं. न्यायाधीश कोनी यांजकडून शिक्षेची हमी मिळावी अशी न्यायमंत्र्याची खटपट होती; कोनी यांनीं ती दिली नाहीं. बचावाचे वकील अलेक्झांड्रोव्ह यांनीं आरोपीच्या पिंजऱ्यांत त्या छड्याच उभ्या केल्या, आणि ज्यूरीनें 'निर्दोषी' असा निकाल दिला!

कायद्याच्या कांट्यानें तोलल्यास हा निकाल टिकणें कठीण, हें आम्हांस मान्य आहे. पण जेथें अधिकाऱ्याविरुद्ध न्यायाचें दार बंद, तेथें ज्यूरीनें आरोपीबरोबर फिर्यादीचाहि न्याय केला तर नवल कसलें? तें दार उघडण्याऐवजीं सरकारनें दुसरेंहि लावून घेतलें. सुटलेल्या झासुलिचला पुन्हां पकडण्याचा प्रयत्न झाला. ती परदेशीं निसटली. मे महिन्यांत अधिकाऱ्यांवरील हल्ल्यांचे खटले ज्यूरीच्या हातून काढून घेण्यांत आले. ज्यूरी प्रजेचा हक्क म्हणून दिलेली नव्हतीच. झारची मर्जी म्हणून मिळालेली, ती मर्जी फिरतांच आंखडली.

१८८१ सालीं खुद्द अलेक्झांडर बाँबनें मारला गेला. त्याच वर्षीं त्याच्या मुलानें जादा अधिकारांचे 'तात्पुरते' नियम केले. मुदत तीन वर्षांची. पण ती वाढत वाढत १९१७ त झारशाही बुडेपर्यंत गेली! त्यांखालीं केवळ हुकुमानें, खटल्यावांचून, मनुष्यास पांच वर्षेंपर्यंत हद्दपार करतां येई. १८६४ चे कायदे मात्र रद्द झाले नव्हते. ते छापील पुस्तकांत दिसत होते.