रंगावर रंग, पण क्रमाने

वाचकहो, आज थोडे पोरांच्या छंदाबद्दल, आणि आमच्या एका चुकीबद्दल.

आमच्या शेजारच्या आबांनी उमेदीची वर्षे नाशिकजवळच्या ओझरला विमान कारखान्यात काढली. तिथे मिग-२१ विमाने तयार होत आणि दुरुस्तीलाही येत. १९६३ साली हवाई दलात आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले. त्या दिवशी आबा टीव्हीसमोरून उठले नाहीत. नववीतला नातू म्हणाला, "आबा, मी तुम्हाला मिग करून देतो."

पोराने साठवलेल्या पैशांतून १:७२ चा प्लॅस्टिकचा संच आणला. म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ सेंटिमीटर, तर नमुन्याचा १ सेंटिमीटर. विमान वीतभर भरते. त्याने ते नीट जोडले, राखाडी ऑईल पेंटचा हात दिला आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आला. "काका, वरून चकाकी कशी आणू?"

बी.कॉम. झालेल्या माणसाला सगळे कळते अशी पोरांची समजूत असते. खरे सांगायचे तर थोडी आमचीही. गाड्यांना मारतात तो लॅकरचा स्प्रे आम्हीच आणून दिला. थोड्याच वेळात तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा सगळा रंग सुरकुतला. पोरगा एक शब्द बोलला नाही. ते न बोलणेच आम्हाला लागले.

मग आम्ही वस्तीतल्या एका जुन्या पेंटरला गाठले, काही वाचलेही. जे कळले ते इथे देतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पोराचे पैसे वाया जायचे नाहीत.

रंग तीन जातीचे. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक, टर्पेंटाईनमध्ये मिसळणारा ऑईल पेंट आणि कडक थिनरचा लॅकर. लॅकरचे थिनर सर्वांत जहाल. ते खालच्या कच्च्या ऑईल पेंटमध्ये शिरते, तो फुगतो आणि सुरकुततो. जाड थर बसला तर प्लॅस्टिकही खाते. म्हणून नियम साधा आहे: जहाल खाली, सौम्य वर. लॅकरवर ऑईल पेंट चालतो, ॲक्रिलिकही चालतो. उलटे केले की घात. ऑईल पेंट वरून सुकला तरी आतून ओला असतो. नाकाजवळ धरावा, वास येतो तोवर थांबावे. आठवडाही लागतो.

बिघडलेले विमान फेकायचे नसते. आम्ही ते पंधरा दिवस सुकू दिले, पाण्याच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासले आणि पुन्हा अस्तरापासून सुरुवात केली. नव्या रंगाचे पैसे अर्थातच आम्ही दिले.

या वेळी अस्तरावर ॲक्रिलिकचे पातळ हात दिले. वर ॲक्रिलिकचेच चकचकीत वॉर्निश. पाण्यात भिजवून लावायची चिन्हे गुळगुळीत पृष्ठभागावरच चांगली बसतात. त्यांच्यावर पुन्हा एक हात वॉर्निश.

आता विमान जुने दिसावे म्हणून त्याला मळवायचे. चित्रकलेच्या ट्यूबमधला काळपट तपकिरी तेलरंग टर्पेंटाईनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ केला आणि पत्र्यांच्या सांध्यांतून ब्रशच्या टोकाने सोडला. गुळगुळीत वॉर्निशवर तो सांध्यातून आपोआप धावतो. खरखरीत रंगावर सोडला तर डाग पसरतो. जास्तीचा रंग कापसाच्या काडीने पुसता येतो, कारण पक्क्या सुकलेल्या ॲक्रिलिकला टर्पेंटाईन सहसा चावत नाही. तेच ऑईल पेंटवर केले असते तर खालचा रंगच निघून आला असता. मात्र टर्पेंटाईन थोडेच वापरावे, सांध्यात साचले की प्लॅस्टिक ठिसूळ होते. एक दिवस सुकू दिल्यावर चमक मारणारे मॅट वॉर्निश. सगळ्यात शेवटी खडूची पूड. तिला खरखरीत पृष्ठभागच धरून ठेवतो.

एक सूचना आया-बहिणींसाठीही. स्प्रे आणि थिनर एका खोलीच्या घरात, स्टोव्ह, गॅस किंवा दिव्याजवळ अजिबात नको. गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत काम करावे, आणि दम्याच्या माणसाला दूर ठेवावे.

मळ कुठे लावायचा हे मात्र आम्हाला ठाऊक नव्हते आणि पेंटरलाही नव्हते. पोरगा सगळीकडे सारखी काळी पूड फासू लागला. इतके दिवस लांबून बघणारे आबा तेव्हा खुर्ची ओढून जवळ बसले.

"इथं नको, बाळा. दुरुस्तीला आलेलं विमान आधी आम्ही पुसायचो. काजळी मागं शेपटाकडं असते. झाकणं रोज उघडतात, तिथं कडेला हाताचा मळ बसतो. आणि पंखाच्या मुळाशी माणसं पाय देतात, तिथला रंग आधी जातो."

पोराने तिथे पेन्सिलीचे शिसे बोटाने घासले. पत्रा उघडा पडल्यासारखा दिसू लागला. आबांनी विमान उचलून उजेडात धरले, खालून बघितले, आणि चाकाजवळ नखाने एक जागा दाखवली. "इथं थोडं तेल गळायचं."

पोरगा म्हणाला, "थांबा आबा, आधीचं सुकू द्या."