औषधांचा डबा आधी रिकामा करा

पावसाळा आला की कोपरखैरण्यातील दवाखान्यांपुढे तापाच्या रुग्णांची रांग लागते. रात्री अंग तापले की ही रांग गाठण्याआधी हात जातो तो घरातल्या औषधांच्या डब्याकडे. हा डबा बहुतेक घरांत असतोच. प्रश्न आहे तो त्यात काय आहे हा. मागच्या खोकल्याचे उरलेले अर्धे सिरप, कुणाच्या तरी दाढदुखीच्या तीन गोळ्या, पाच दिवसांपैकी तीनच दिवस घेतलेले अँटिबायोटिक आणि कापून आणलेली पट्टी, जिच्यावर नाव अर्धे आणि मुदतीची तारीख मुळीच नाही. हा डबा आजारात मदत करत नाही, उलट अडचणीत आणतो.

डेंग्यूचे उदाहरण पुरेसे आहे. ताप आणि अंगदुखीसाठी डब्यातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन घेतली आणि तो ताप डेंग्यूचा निघाला, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून पावसाळ्यातल्या तापात, निदान होईपर्यंत, पॅरासिटामॉलच घ्यावे असे डॉक्टर सांगतात. तेही मोजून. मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर. मुलांची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे ती डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेली बरी. सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही एकत्र घेतल्यास नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते आणि त्याचा भार यकृतावर पडतो. ज्यांना अ‍ॅस्पिरिन हृदयविकारासाठी रोज दिलेली आहे, त्यांनी मात्र ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

जुलाबासाठी डब्यात ओआरएसची पाकिटे हवीत. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या याच पाण्याने असंख्य जीव वाचवले. त्यातली ताकद आहे ती प्रमाणात. पाकिटावर एक लिटर लिहिले असेल तर एक लिटर उकळून गार केलेले पाणीच घ्यावे. ते पाकीट एका पेल्यात ढवळले तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. तयार पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. रंगीत डब्यातले गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच गैरसमजामुळे.

गोळ्यांइतकीच गरज आहे मोजण्याच्या साधनांची. मे २०२० मध्ये करोनामुळे वाशीची बाजार समिती आठवडाभर बंद ठेवावी लागली. त्या बाजारावर पोट असलेली अनेक माथाडी कुटुंबे कोपरखैरण्यात राहतात. लहान घरांत आजारी माणसाला वेगळी खोली देणे कठीण होते. त्या काळात अनेक घरांत थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर आले. ते आजही कपाटात असतील, पण त्यांचे सेल चालू आहेत का, हे आजच पाहायला हवे. सोबत एक छोटी वही असावी. ताप किती, केव्हा, कोणती गोळी किती वाजता दिली, लघवी होते का, एवढे लिहिले तरी डॉक्टरांचे अर्धे काम सोपे होते.

कारण डेंग्यूत ताप उतरला म्हणजे आजार गेला, असे नसते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप कमी होत असतानाच पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची ग्लानी दिसली, तर डबा बंद करून रुग्णालय गाठायचे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक डब्याच्या झाकणावरच लिहिलेला असावा. डबा एक रात्र निभावून नेण्यासाठी असतो, डॉक्टर टाळण्यासाठी नव्हे.

तेव्हा या रविवारी खरेदीआधी सफाई करावी. मुदत संपलेले, नाव न कळणारे आणि उरलेले प्रत्येक अँटिबायोटिक डब्यातून काढावे. डबा स्वयंपाकघरातल्या उष्णतेपासून, न्हाणीघराच्या ओलीपासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवावा. औषध विक्रेत्यांनीही पट्टी कापताना मुदतीची बाजू गिऱ्हाइकाकडे जाईल किंवा पाकिटावर तारीख लिहिली जाईल, एवढे पाहावे. डासांच्या अळ्या शोधायला महापालिकेचे कर्मचारी घरोघरी जातात. त्यांनी पाण्याच्या पिंपाबरोबर औषधांच्या डब्याबद्दलही दोन शब्द सांगितले, तर त्याला वेगळा खर्च लागणार नाही. पण त्या दोन शब्दांमुळे एखाद्या घरात चुकीची गोळी पोटात जायची टळेल.