पहिली धाव दवाखान्याकडे

गेवराई तालुक्यातल्या शेतकरी बंधू-भगिनींनो, आणि दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड भावंडांनो,

साप आणि विंचू यांच्या विषावर औषध आहे. तरीही माणसं जातात, आणि पुष्कळदा ती घर आणि दवाखाना यांच्या मधल्या वेळात जातात. तो वेळ डॉक्टरांच्या हातात नसतो, तुमच्या-आमच्या हातात असतो. म्हणून हे आवाहन तुम्हाला आहे.

आपलं कामच असं की साप-विंचवाशी गाठ पडणारच. उत्तरेला गोदाकाठ, तालुक्यातून जाणारा जायकवाडीचा उजवा कालवा, पाण्याखाली ऊस आणि बाकी कपाशी. शेतीपंपाची लाईट रात्रीची आली की अंधारातच दारं धरायला जावं लागतं. वेचणीच्या दिवसांत बाया दिवसभर वाकून पऱ्हाटीत हात घालतात. ऊसतोडीच्या कोपीत लेकरं जमिनीवर झोपतात. देशभरातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला ५८ हजार. त्यांतली जवळपास निम्मी ३० ते ६९ वयाची, घर चालवणारी होती. पाव हिश्शाहून जास्त १५ वर्षांखालची लेकरं होती.

आधी विंचवाचं सांगतो, कारण त्यावरचा उपाय ज्यांनी जगाला दाखवला ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या शेजारचे, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीला प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः लेकरं, तिथे डोळ्यांदेखत दगावत होती. डॉक्टरांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या : घाम किती, नाडी कशी, रक्तदाब किती, धाप कधी लागली. विष हृदयावर ताण आणतं, मग फुफ्फुसांत पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो, हे त्यातून स्पष्ट झालं. १९८२ साली ही लक्षणं त्यांनी ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडली. १९८६ साली तिथेच प्राझोसिन या गोळीचा उपाय मांडला. ही गोळी रक्तदाबाची, साधी आणि स्वस्त. त्याआधी विष अंगात भिनलेल्या शंभरांतले पंचवीस-तीस रुग्ण जात. गोळी वेळेवर मिळू लागली तसं हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं.

पुढे २०११ साली डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ७० रुग्णांचा अभ्यास मांडला. निम्म्यांना फक्त गोळी दिली, निम्म्यांना गोळीबरोबर विंचवाच्या प्रतिविषाची लसही दिली. लस मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवर ३५ पैकी ८. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. हे सगळं खेड्यातल्या रुग्णांकडे बारकाईने पाहून झालं. आपल्या घरातही तेवढं पाहणं जमण्यासारखं आहे.

विंचू चावल्यावर नुसती कळ येत असेल, जीव कासावीस होत असेल, पण अंग कोरडं आणि हात-पाय गरम असतील तर सहसा जिवावरचं नसतं. दरदरून घाम, थंडगार हात-पाय, उलट्या, लाळ आणि छातीत धडधड ही धोक्याची खूण. अशा वेळी डंखाची कळ कमीही असू शकते. दुखायचं थांबलं म्हणजे विंचू उतरला, असं समजू नका. लेकरू असेल तर खुणांची वाट न पाहताच निघा. आणि गोळी मेडिकलमधून आणून घरी देऊ नका. तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, तिचं प्रमाण वजनावर ठरतं. ती डॉक्टरांसमोरच घ्यायची.

आता सापाचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविषाची लस चालते. म्हणून साप ओळखायला त्याला मारत बसू नका, पकडून तर मुळीच आणू नका. लक्षणं पाहून डॉक्टर उपचार करतात.

मण्यार रात्री, झोपेत चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी दातांची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला असं झालं तर पित्त म्हणून सोडा पाजत बसू नका, गाडी काढा. मण्यार किंवा नागाच्या विषाने अंग लुळं पडतं, डोळे उघडत नाहीत, श्वास मंदावतो. पण आतून माणूस शुद्धीत असू शकतो. गेला असं समजून त्याला घरी परत आणू नका. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत दवाखाना गाठा. यंत्राने किंवा हाताने दाबायच्या पिशवीने श्वास चालू ठेवला, तर विष ओसरेपर्यंत तो जगू शकतो.

घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठू देत नाही. ते ओळखायला डॉक्टर काचेच्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेतात आणि वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर विष भिनलं आहे. पहिल्यांदा रक्त गोठलं तरी पुन्हा तपासावं लागतं. म्हणून डॉक्टर म्हणाले, दिवसभर थांबा, तर थांबा. ‘आता बरं आहे’ म्हणून सही करून निघू नका.

भगताकडे, देवऋषीकडे गेलेली माणसं बरी झालेली तुम्ही पाहिली असतील, ते खोटं नाही. पण चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडत नाही आणि विंचवाची कळ बहुतेकांची आपोआप ओसरते. ती माणसं उतारा न करताही बरी झाली असती. ज्याच्या अंगात खरंच विष भिनलंय, त्याचा मात्र तेवढ्यात घात होतो. श्रद्धा असेल तर दवाखान्यातून आल्यावर देवाला नारळ फोडा.

पान लागलं तर एवढं करा. माणसाला धीर द्या, चालू-पळू देऊ नका. बांगड्या, अंगठी, कडं, जोडवी लगेच काढा, सूज आली की ती रुततात. चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा फळी लावून सैल बांधा. वर करकचून दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, रक्त चोखू नका. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मोटारसायकलवर रुग्णाला मधे बसवून मागून एकाने घट्ट धरा. लस मिळेल तो जवळचा सरकारी दवाखाना आधी गाठा. पुढे बीड किंवा संभाजीनगरच्या घाटीत न्यायचं का, ते तिथले डॉक्टर ठरवतील.

चावूच नये म्हणून खाट वापरा. खाट नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. तिने डास अडतात तशी मण्यारही अडते. रात्री बॅटरी आणि पायात बूट. पऱ्हाट्या, गोवऱ्या, सरपण झोपायच्या जागेपासून लांब रचा. मुकादमांनो, तुमच्या टोळीतली लेकरं तुमच्या जबाबदारीवर आहेत. कोपीत मच्छरदाण्या द्या, आणि फडाजवळचा सरकारी दवाखाना कुठला ते पहिल्याच दिवशी टोळीला दाखवा.

आणि ग्रामसभेत विचारा : आपल्या आरोग्य केंद्रात आज सापाची लस किती शिल्लक आहे? विंचवाची लस आणि प्राझोसिनची गोळी आहे का? रात्री डॉक्टर असतात का? श्वास देण्याची पिशवी आहे का? उत्तर मिळेपर्यंत दर सभेला विचारा. आशाताईंना सोबत घ्या.

आज जेवणं झाली की घरात बसून तीन गोष्टी ठरवा : रात्री-अपरात्री गाडी कुणाची काढायची, सोबत कोण जाणार आणि कुठल्या दवाखान्यात जायचं. ते कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा आणि शेजारच्या घरालाही हेच करायला सांगा.