आधी पाण्याचा माग, मग दिवाळीचा रंग

दसरा जवळ आला की घराघरांतून एकच धांदल सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, गाद्या-गोधड्या गच्चीवर उन्हात पडतात, आणि कपाट भिंतीपासून जरा ओढलं की मागे दिसतं ते काळं-हिरवं नक्षीकाम! मग ठरलेलं वाक्य कानांवर येतं, "राहू दे, दिवाळीच्या रंगात झाकून जाईल." मैत्रिणींनो, आज मला याच वाक्याबद्दल बोलायचं आहे. रंगाखाली बुरशी झाकली जाते, मरत नाही; आणि तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे तुमचा पुरावा.

"आपलं छत्रपती संभाजीनगर काही कोकणात नाही, इथे कसली आली ओल?" असं आपण सहज म्हणून जातो. पाऊस बेताचा, ऊन भरपूर, हे खरंच. पण आपल्याकडची ओल जितकी आभाळातून येते तितकीच आपण घरात साठवतो. वर्षानुवर्षं नळाला पाणी काही दिवसांआड आलं, त्यामुळे दाराशी हौद, गच्चीवर टाकी, मोरीत ड्रम ही आपल्या घराची रीतच झाली. पाणी आलं की सगळं काठोकाठ भरायचं. टाकी वाहू लागली तरी शेजारीण हाक मारेपर्यंत पत्ता नसतो. ते वाहिलेलं पाणी मुरतं गच्चीच्या कोब्यात आणि तिथून भिंतीत. दुसरं कारण म्हणजे कूलर. एप्रिल-मे महिन्यांत खिडकीत कूलर आणि दारं बंद, म्हणजे दमट हवेला बाहेर जायला वाटच नाही. वर कूलरच्या भिजलेल्या गवतातच बुरशी धरते. आणि तिसरं कारण आपल्या पायाखालची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घराला बारीक तडे जातात आणि पाण्याला वाट मिळते.

वरून लेप देऊन दुखणं झाकलं की काय होतं, याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारनं अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेले पोपडे चिकटवले, ते काम मोलाचंच होतं. पण चित्रांवर लाखेचं रोगणही चढवलं. काळ गेला तसं ते रोगण पिवळट-काळपट पडलं, आणि तो थर अलगद उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची पुढे कित्येक वर्षं गेली. लेण्यांतल्या चित्रांची ही गत, तर ओल्या भिंतीवर ऑइल पेंट फासून आपण काय साधणार? आतलं पाणी बाहेर पडू पाहतं, रंगाला फोड येतात आणि संक्रांतीपर्यंत पोपडे खाली!

ओल कुठून आली?

म्हणून पहिलं काम, पाण्याचा माग काढणं. त्यासाठी दर वेळी इंजिनिअरच लागतो असं नाही. घरातल्या बाईइतकं घराला कोण ओळखतं?

आधी पाहा ओल कधी येते ते. फक्त पावसाळ्यात येत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. बाराही महिने असेल तर नळाची किंवा सांडपाण्याची लाइन. फक्त कूलरच्या दिवसांत असेल तर खोलीतली दमट हवा. मग पाहा कुठे आहे ते. छताच्या कोपऱ्यात डाग असेल तर वरची गच्ची किंवा वरच्यांचं न्हाणीघर. जमिनीपासून गुडघा-कमरेपर्यंत चढली असेल तर ती जोत्यातून वर येते. जोत्यावर जो ओल अडवणारा थर द्यायचा असतो, ज्याला गवंडी डीपीसी म्हणतात, तो फाटला आहे किंवा दिलाच नाही.

भिंतीवर पांढरी भुकटी असेल तर घाबरू नका, तो बहुधा लोणा असतो. पाण्याचा थेंब टाकला की लोणा, म्हणजे क्षार, विरघळतो. बुरशी विरघळत नाही. पण लोणा म्हणजेही पाणी मुरत असल्याची खूणच, बरं का.

आणखी तीन सोप्या परीक्षा सांगते. एक, पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा वीतभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर दोष हवेतल्या दमटपणाचा. भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी आतून येतं. दोन, रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीची खूण करा. सकाळी पाणी उतरलेलं दिसलं तर कुठेतरी गळती आहे. तीन, वरच्या मजल्यावरच्या न्हाणी ट्रॅपचा संशय असेल तर वरच्या वहिनींना विश्वासात घेऊन तिथे रंगीत पाणी ओता. छताला तोच रंग उमटला तर भांडण करायची गरजच उरत नाही, भिंतच साक्ष देते.

घरातला खोकला

बुरशीचे बीजकण डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासातून आत जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओल्या, बुरशीच्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार, ॲलर्जी आणि दमा यांचा त्रास अधिक होतो, असं तिच्यात म्हटलं आहे. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, चोंदलेलं नाक, डोळ्यांना खाज, रात्री छातीतली घरघर, ही लक्षणं ध्यानात ठेवा. लहान मुलं, म्हातारी माणसं, दमेकरी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना जास्त जपावं लागतं.

एक खूण आयांनीच ओळखावी. मूल मामाकडे राहायला गेलं की खोकला थांबतो आणि घरी परतल्यावर चार दिवसांत सुरू होतो, असं घडतं का? तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपण औषध मागतो, पण ज्या भिंतीला टेकून मुलाची उशी असते तिच्याबद्दल बोलत नाही. डॉक्टरांना घर कसं दिसणार? ओल्या भिंतीचा फोटोच दाखवा. आणि पलंग त्या भिंतीपासून आजच हलवा, त्याला पैसा पडत नाही.

एक भीती मात्र मनातून काढून टाका. 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर 'काळी बुरशी' या शब्दानं सगळ्यांची झोप उडवली होती. तो म्युकरमायकोसिस हा आजार. अनियंत्रित मधुमेह आणि करोनात दिलेली स्टेरॉइडं यांमुळे ज्यांची शक्ती खचली होती, त्यांना तो प्रामुख्यानं झाला. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे, आणि तो एका माणसाकडून दुसऱ्याला लागतही नाही. तरी घरात मधुमेही माणूस असेल तर बुरशी खरवडायचं काम त्याला देऊ नका.

साफ करतानाही पद्धत हवी. कोरड्या ब्रशनं घासू नका, बीजकण घरभर उडतात. नाकाला मास्क, हातांत रबरी मोजे, खिडक्या उघड्या; साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसा आणि भिंत खडखडीत वाळू द्या. ब्लीच वापरायचंच तर एकटं वापरा. त्यात संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. सुटलेला गिलावा काढूनच टाकावा लागतो. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. कूलर चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी असावी आणि गवत दर उन्हाळ्यात नवं घालावं. कुठे पाणी सांडून गादी-सतरंजी भिजली, तर एक-दोन दिवसांच्या आत वाळवा. बुरशी धरायला तेवढा वेळ पुरतो.

दुरुस्ती कुणी करायची?

इथेच घरोघर वाद होतात, म्हणून नीट समजून घेऊ.

फ्लॅट नवा असेल तर रेरा कायदा, 2016 तुमच्या बाजूनं आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा, कामाच्या दर्जाचा दोष बिल्डरला कळवला, तर त्यानं तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. त्यानं केला नाही तर भरपाईसाठी महारेराकडे तक्रार करता येते. पण हौसेनं न्हाणीघराच्या फरश्या फोडून नव्या बसवल्या असतील, तर बिल्डर तिकडेच बोट दाखवणार, हे लक्षात ठेवा.

सोसायटी जुनी असेल तर महाराष्ट्रातले आदर्श उपविधी पाहावेत. गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी, त्यामुळे खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत आणि बाहेरचे सामाईक पाइप यांची दुरुस्ती सोसायटीनं करायची. घरातल्या संडास-सिंकची गळती ज्यानं त्यानं स्वतःच्या खर्चानं काढायची. म्हणजे "तुमच्या घरात गळतं, तुम्ही बघा" हे उत्तर दर वेळी खरं नसतं. आधी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या. वाद मिटलाच नाही तर सहकार न्यायालय आहे. आपल्याकडे बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असतात. त्यांनी आपलं घोषणापत्र काढून वाचावं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या भगिनींसाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आहे. वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं हे घरमालकाचं कर्तव्य. किमान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्यानं वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर करारातलं दुरुस्तीचं कलम सहीच्या आधीच वाचा.

वॉटरप्रूफिंगवाले तोंडी दहा वर्षांची गॅरंटी देतात. ती बिलावर लिहून घ्या, कोणत्या जागेची ते सुद्धा. काम फसलं तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर स्वयंपाकघराच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

विम्याचं काय?

बऱ्याच जणी म्हणतात, "आमच्या घराचा विमा आहे, बँकेनंच काढलाय." एकदा तो कागद पाहा. कित्येकदा तो कर्ज घेणाऱ्याच्या आयुष्याचा विमा असतो, भिंतींचा नव्हे. घरासाठी एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी कंपन्यांकडे मिळते. आग, भूकंप, वादळ, पूर यांच्याबरोबर पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून, भरून वाहून झालेलं नुकसान तिच्यात धरलेलं आहे. घराचा विमा घेतला की आतल्या सामानालाही घराच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं.

पण वर्षानुवर्षं हळूहळू मुरलेली ओल ही त्या यादीतली घटना नाही. विमा अपघाताचा असतो, हयगयीचा नव्हे. म्हणून टाकी फुटली तर पाणी बंद करा, सामान उचला, पण पुसण्याआधी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भिजलेल्या वस्तू टाकून देऊ नका. 'पाइप अमुक तारखेला फुटला' आणि 'ओल आहे बरेच दिवसांपासून' या दोन वाक्यांत सगळा फरक पडतो. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

हाच नियम आरोग्य विम्यालाही. घरात कुणाला दमा असेल तर अर्जात लपवू नका. लपवलेला आजार ऐन गरजेच्या वेळी दाव्याच्या आड येतो.

डॉक्टर असो, बिल्डर असो की विमा कंपनी, प्रत्येक जण एकच विचारतो : ओल कधीपासून आणि कुठून? त्याचं उत्तर घरात वावरणाऱ्या बाईपाशीच असतं, फक्त ते कागदावर नसतं. म्हणून दुधाच्या हिशेबाच्या वहीतली मागची चार पानं या कामाला ठेवा. तारीख, जागा, डाग किती वाढला, मूल त्या आठवड्यात किती वेळा खोकलं, कुणाला पत्र दिलं. फोटो काढताना शेजारी पट्टी धरा. करारनामा ज्याच्या नावावर असेल त्याच्याच नावानं पत्र जाऊ दे, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

रंग मात्र भिंत पुरती वाळल्यावरच. एखादी दिवाळी एका खोलीची भिंत विनारंगाची राहिली तर लक्ष्मी काही रुसत नाही. मुलाची छाती मोकळी राहिली, की घर उजळलेलंच असतं.