रेकॉर्डर कुठे ठेवायचा?

वाचक आमच्याकडे ऐकण्यासाठी घरगुती ध्वनिमुद्रणे पाठवतात, त्यांत एक गोष्ट सारखी खटकते. सोबतच्या पत्रात यंत्राचे नाव असते, २४ बिट असते, ९६ किलोहर्ट्झ असते, कार्ड कोणत्या कंपनीचे तेही असते. रेकॉर्डर कुठे ठेवला होता, हे मात्र बहुतेक कुणी लिहीत नाही. आणि फाइल लावली की पहिल्या काही सेकंदांत कळते ते नेमके तेच. तो पेटीच्या भात्यासमोर फरशीवर होता, खिडकीजवळच्या टीपॉयवर होता, नाहीतर शोकेसमध्ये काचेला टेकवून उभा केला होता.

मुठीत मावणारा, डोक्यावर दोन माइक असलेला हा रेकॉर्डर आता नवा राहिलेला नाही. झूमचा एच-फोर-एन २००९ मध्ये आला, स्वस्तातला एच-वन पुढच्याच वर्षी. (ही झूम तोक्योची, वाद्यवाल्यांसाठी यंत्रे करणारी. टाळेबंदीत आपण ज्या झूमवर शिकवण्या घेतल्या, तिचा हिच्याशी काही संबंध नाही.) टॅस्कॅमची डीआर मालिकाही तेवढीच रुळली आहे. गाण्याचे क्लास चालवणारे, तबलजी, कीर्तनकार, भजनी मंडळे, शाळेची समूहगीते घरीच बसवणाऱ्या बाई, अशा अनेकांच्या पिशवीत हे यंत्र असते. पण ते शिकायचे म्हटले की आपण मेनू शिकतो.

मेनू हे एका दुपारचे काम आहे, ते इथेच उरकू. वेव्ह फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. दोन चॅनेलना मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात, तासाला साधारण एक जीबी. ३२ जीबीच्या कार्डात तीसेक तास मावतात. तेव्हा जागा वाचवण्यासाठी एमपी-थ्री नको, ते शेवटी, कुणाला पाठवताना. ९६ किलोहर्ट्झ केल्याने फाइल दुप्पट होते, पेटी होती तशीच ऐकू येते. लो-कट गायकासाठी चालू, डग्ग्यासाठी बंद. रिचार्जेबल सेल असतील तर मेनूत तसे सांगा, नाहीतर बॅटरी किती उरली याचा अंदाज चुकतो. प्लगवर चालवताना घूंऽऽ असा आवाज येत असेल तर पॉवर बँक लावून पाहा. संपले.

सगळ्यात मोठा फरक पाडणारी गोष्ट मेनूत सापडत नाही, ती म्हणजे अंतर. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले तेव्हा माइकच नव्हता, भोंगा होता. भोंग्यापुढे गाणाऱ्याने जोरकस जागेला मागे सरायचे, हळू जागेला पुढे यायचे. गेन म्हणा, कंप्रेसर म्हणा, सगळे गायकाच्या मानेत. आज खिशातल्या यंत्राला गेन आहे, लिमिटर आहे, आणि अंतराकडे बघायचे आपण सोडून दिले आहे.

मोकळ्यावर अंतर दुप्पट केले की गळ्यातून थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींवरून परत येणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे रेकॉर्डर हातभर मागे नेला की गाणे नुसते लहान होत नाही, त्यात खोली मिसळते. गेन वाढवून गाणे पुन्हा मोठे करता येते. मिसळलेली खोली काढता येत नाही. काढून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरे आता आहेत, पण ती तानपुऱ्याचे काय करतात ते एकदा ऐकून बघा. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे गृहीत धरूनच त्यांतली बरीचशी बनलेली असतात. फोनवर शिकवताना तानपुरा मध्येच बुडतो आणि वर येतो, त्याचे कारण हेच.

आपल्या घरांतल्या खोल्या ध्वनिमुद्रणाला वाईट असतात, हे एकदा मान्य करून टाकावे. गुळगुळीत फरशी, समोरासमोर प्लास्टरच्या भिंती, सरकत्या काचेच्या खिडक्या. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून टर्रर्र असा पत्र्यासारखा आवाज आला तर त्या जागी तबला बसवू नका. एका भिंतीला गादी उभी करा, फरशीवर सतरंजीवर सतरंजी टाका, साड्यांनी भरलेल्या कपाटाची दारे उघडी ठेवा. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा उद्योग नको. त्यांनी खोलीला स्टुडिओची कळा येते, आवाज फारसा शोषला जात नाही. कोपऱ्यात डग्गा फुगतो, तेव्हा कोपरा टाळा आणि भिंतीपासून दीड-दोन हात पुढे बसा. पंखा बंद. मे महिन्यातल्या दुपारी हे सांगणे क्रूरपणाचे आहे, म्हणून लोक पहाट निवडतात, आणि पहाटे सोसायटीची पाण्याची मोटर चालू होते. कोणत्या तासाला आपले घर सर्वांत कमी बोलते, हे हेडफोन लावून, गेन वाढवून, काहीही न गाता ऐकल्याशिवाय कळत नाही. ऐकता ऐकता अर्धा मिनिट ती रिकामी खोली मुद्रितही करून ठेवा. पुढे जोडकामात दोन ओळींमधली फट भरायला तीच उपयोगी पडते.

आता वाद्याजवळ जाऊ. पेटीचा भाता वाजवणाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला उघडतो, म्हणजे बैठकीत श्रोत्यांकडे. साहजिकच आपण रेकॉर्डर श्रोत्यांच्या जागी ठेवतो आणि त्यात भात्याची धाप सुरांच्या बरोबरीने येते. तो पट्ट्यांच्या बाजूने, वाजवणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीवर, खाली वाकलेला असा धरून पाहा. धाप मागे जाते आणि सूर पुढे येतात. तबल्याला फरशीवरचा छोटा स्टँड सर्वांत वाईट: चाटेचा टणत्कार हुकतो आणि फरशीवरून परतणारा आवाज आधी पोचतो. दोन्ही वाद्यांच्या वर साधारण दोन-अडीच फुटांवर, रोख तबला आणि डग्गा यांच्या मधोमध. मग ‘धा’ वाजवायला सांगा. डग्गा तबल्याला गिळत असेल तर रेकॉर्डर बोटभर तबल्याकडे सरकवा. हे बोटभर सरकवणे हेच शिकण्यासारखे आहे, आणि ते हेडफोन कानाला लावूनच शिकता येते, मीटरकडे बघून नाही. गोव्यातल्या वाचकांना घुमटाबद्दल एवढेच सांगणे पुरे, की चामड्याच्या बाजूला कितीही जवळ जा, पण उघड्या तोंडासमोर माइक आणू नका. तिथून येतो तो हवेचा झोत.

गायकासाठी वीतभर ते दीड वीत, तोंडासमोर नव्हे तर किंचित बाजूला आणि ओठांपेक्षा वर. आपली गाणी प, फ, भ यांनी भरलेली असतात, आणि माइक समोर असला की प्रत्येक ‘भ’ला फुंकर बसते. दोन माइक एकमेकांना छेदतील असे असतील, म्हणजे एक्स-वाय, तर बहुतेक वेळा तेच बरे: फोनच्या एका स्पीकरवर ऐकतानाही आवाज पोकळ होत नाही. टॅस्कॅमच्या डीआर-फॉर्टीसारख्या यंत्रात माइक बाहेर वळवूनही ठेवता येतात. भजनी मंडळ अर्धगोलात बसले असेल तर तसे करून बघायला हरकत नाही.

ऑटो लेव्हलबद्दल आमचे मत सौम्य नाही. ख्यालासाठी ते बंदच हवे. गायक थांबला की यंत्राला वाटते आवाज कमी झाला, ते गेन वाढवते आणि तानपुरा फुगून वर येतो. तार षड्ज लागला की तेच यंत्र त्याला खाली दाबते. ज्या उंचीसाठी गायकाने वीस मिनिटे वाट बांधली, ती उंची सपाट. लेव्हल लावताना ‘हॅलो, चेक’ म्हणवून घेण्यात अर्थ नाही. मैफलीत जी सर्वांत जोराची जागा येणार आहे ती गाऊन घ्या, तबलजीकडून तिहाई वाजवून घ्या, आणि तिथे मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे बघा. गळा तापल्यावर माणूस त्याहून मोठे गातोच. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलची जागा असते, २४ बिटांत हिशेबाने १४४. तेव्हा लेव्हल थोडी खाली राहिली म्हणून काही बिघडत नाही. फाटलेला सूर मात्र फाटलेलाच राहतो.

यावर नव्या यंत्रांचे उत्तर तयार आहे: ३२ बिट फ्लोट. झूमने २०१९ च्या एफ-सिक्समध्ये ते दिले आणि २०२४ पासून ‘एसेन्शियल’ मालिकेतल्या लहान रेकॉर्डरांतही आणले. गेन लावायचाच नाही, नंतर हवे तेवढे वर-खाली करा. सोय खरी आहे, आणि लग्नाच्या मांडवात सनई टिपणाऱ्याने ती जरूर घ्यावी. पण माइकची स्वतःची फस्स, खोलीचा घुमारा, भात्याची धाप यांतले काहीही तिने सुटत नाही, आणि माइकच आवाजाने भरडला गेला असेल तर पुढे कितीही बिट असून काय उपयोग?

घरगुती ध्वनिमुद्रणाचे समर्थन करताना ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’चा दाखला हमखास दिला जातो. टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ १४४ हा साध्या कॅसेटवर चार ट्रॅक करणारा रेकॉर्डर १९७९ मध्ये आला. त्यावर न्यू जर्सीतल्या घरात, साथीदारांना ऐकवण्यापुरती केलेली ती गाणी १९८२ मध्ये तशीच प्रसिद्ध झाली. गोष्ट खरी आहे. तिचा उरलेला भाग कमी सांगितला जातो: त्या कॅसेटवरून तबकडी बनवताना मास्टरिंग करणाऱ्यांची दमछाक झाली होती. शिवाय तिथे मुख्यतः एक माणूस, एक गिटार आणि एक हार्मोनिका असा संसार होता. आपल्याकडे गळा, पेटी, तबला आणि अखंड चालणारा तानपुरा असतो.

तानपुरा थरांच्या कामात, म्हणजे एकावर एक ट्रॅक वेगवेगळे भरताना, सर्वाधिक त्रास देतो. गळ्याच्या ट्रॅकमध्ये तो मिसळला असेल आणि तुम्ही एक ओळ कापून दुसऱ्या टेकची जोडलीत, तर जोडाच्या जागी त्याची तार अडखळते, आणि ते कुणाच्याही कानाला लागते. म्हणून थर चढवायचे असतील तर तानपुरा हेडफोनमध्ये, तोही बंद कपांच्या. पट्टीचेही तसेच. तबलजीला ‘काळी एक’ एवढाच निरोप पाठवू नका, तुमची काळी एक आणि त्याच्या ॲपची काळी एक वेगळी असू शकते, विशेषतः तुमची पेटी जुनी असेल तर. तानपुऱ्याची फाइलच पाठवा. ४८ किलोहर्ट्झची फाइल कुणी ४४.१ची समजून वाजवली की आवाज खाली येतो आणि लय रेंगाळते. उलट झाले तर काळी एकचा सा वर चढून पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या कुठल्याशा अनाथ जागी बसतो. दोन यंत्रांवर एकाच वेळी मुद्रण केले असेल तर सुरुवातीला टाळी द्या आणि शेवटीही द्या. दोन घड्याळांत दहा लाखांत वीस एवढाच फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद होतात, आणि तेवढ्यात समेचा एक ‘धा’ दोन होऊन ऐकू येतो.

भावगीताला क्लिक लावा, डमी आवाज घ्या, मग तबला, मग बासरी, शेवटी खरा गळा. हा स्टुडिओचा जुना क्रम घरीही चालतो. ख्याल मात्र एकत्र बसूनच मुद्रित करावा. विलंबितात गायक समेआधी किती थांबतो आणि तबलजी त्याला किती जागा देतो, हे दोघे एकमेकांकडे बघून ठरवतात. आधी भरलेल्या ठेक्यावर गायले की ती देवघेव एकतर्फी होते. तालीम म्हणून ठीक, गाणे म्हणून नाही.

एकत्र बसण्याचा प्रश्न आला की रेकॉर्डरच्या जागेबद्दल आणखी एक गोष्ट सांगावी लागते: तो सगळ्यांना दिसेल असा ठेवा. यंत्र लहान आहे, दिवा लहान आहे, आणि तालमीला आलेल्या साथीदाराला आपण मुद्रित होतो आहोत हे कित्येकदा माहीतच नसते. स्वतःच्या रियाजासाठी किंवा खऱ्या शिकण्या-शिकवण्यासाठी मुद्रण करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ ने मोकळीक आहे. त्यापलीकडे वादकाच्या वादनाचे ध्वनिमुद्रण करणे आणि ते लोकांपर्यंत पोचवणे हे २०१२ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम ३८-अ नुसार त्याच्या हक्कातले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार उरतोच. तालमीचे म्हणून बोलावले, चहापाणी झाले, आणि महिन्याभराने तोच तबला गायकाच्या चॅनेलवर वाजताना ऐकला, अशा तक्रारी तबलजी आमच्याकडे करतात. मानधन एका संध्याकाळचे मिळते, फाइल वर्षानुवर्षे फिरते, तेव्हा दोन्हींचा दर वेगळा असावा आणि तो बटण दाबण्याआधी ठरावा, हे त्यांचे म्हणणे आम्हाला रास्त वाटते.